आजी वावरात गेली की आसमानी येऊ दे

पिंकीचे आबाजी,

पत्राच्या सुरुवातीले नाव लिहा लागते, असं पिंकी म्हणते. आता सांगा! जे नाव मी उभ्या जन्मात फक्त उखाण्यात घेतलं, अन् तेही बायांनी दार अडवलं म्हणून, ते आता कागदावर लिहू? नाही लिहिणार. तुम्ही ओळखून घ्या. अशी हाक मारणारी तुम्हाले दुसरी कोणी नाही. नाही ना? विचारून ठेवते, कारण या पत्राचा विषयच तो आहे.

आज अखजी, पिंकीच्या पुस्तकातली अक्षय्य तृतीया. तुमच्या नावाची पहिली घागर भरली. पाण्यात वाळा टाकला, वर आंबा ठेवला, चिंचवणी केली, पुरण शिजवलं. अन् घागर भरता भरता मले हसू फुटलं. गजू म्हणाला, "आई, आज बाबाचा दिवस, अन् तू दात काढून राह्यली?" मी म्हटलं, काढते! तुह्या बापाची चोरी सापडली मले. काल सापडली. म्हणून आजच लिहाले बसली. उद्यापर्यंत पोटात राहणार नाही.

पिंकी म्हणे, "आजी, तू सांग, मी लिहिते." मी म्हटलं, तू दूरच राह्य. तुहाही हात आहे त्या चोरीत. चौथी शिकलेली बाई आहे मी, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, पण माहं मी लिहीन. तुम्हाले घाई आहे काय आता वाचाची?

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर म्हणाल बुढी मधूनच धागा ओढते.

आठवते, गजूनं उमरखेडच्या बंद पडलेल्या क्लासातून तो जुना कॉम्प्युटर आणला? तुम्ही त्याच्यापुढे नारळ फोडला. पाणी आत जाईन म्हणून पोट्टी केवढी ओरडली होती! पिंकी तेव्हा सातवीत. तिनं मैत्रिणीकडून लढाईची एक सीडी आणली. जुन्या काळच्या राजांची लढाई. हत्ती, घोडे, किल्ले, दाणे वाहणारे बैल, अन् मुंगीएवढाले सैनिक. तुम्ही म्हणाले, "हे लेकराचं काम, मी काय खेळू?" अन् त्याच संध्याकाळी पोट्टी जेवाले बोलावते तर तुम्ही उठेना. माऊस तर असा दाबायचे, जशी वखराची मूठ! "हळू आबाजी, तुटन तो," म्हणे ती. "तुटला तं बाभळीचा करून देतो," म्हणायचे तुम्ही.

दिवस तर कसे होते ते तुम्हाले माहीत आहे. कापसानं सगळा मुलूख तोंडावर पाडलता. एका साली पाऊस नाही. एका साली पाऊस, पण वेचणीच्या तोंडावर. एका साली बोंड दिसाले हे एवढं, अन् आतून अळीनं खाल्लेलं. अन् सगळं धडाचं आलं तर ढाणकीच्या बाजारात भाव विचारायची सोय नाही. ओसरीवर बसणाऱ्या माणसांच्या गोष्टी संपून गेलत्या. अशात तुम्ही आत पंख्याखाली बसून किल्ले घेऊन राह्यले! मले बरं वाटे. खरं सांगते, बरं वाटे.

पहिल्या वेळी मी तुमच्या बाजूले बसली तो दिवस आठवते? मी सुपात तूर निवडून राह्यलती. तुम्ही सगळी पलटण नदीच्या पात्रात उतरवली. तंबू ठोकले, बैल बांधले. मी म्हटलं, "अवो, पैनगंगेच्या काठचे तुम्ही! पात्रात बिऱ्हाड मांडते काय कोणी?" तुम्ही म्हणाले, "ही चित्रातली नदी आहे, चूप बस." अन् चित्रातल्या नदीले पूर आला! तंबू गेले, बैल गेले, हत्तीसुद्धा गेले. बारीक बारीक माणसं पाण्यात हात हलवत होती. तुम्ही टाळी देऊन हसले. "गेली पलटण!"

मी नाही हसली. मी तुमच्या तोंडाकडे पाहत होती. सूप तसंच राह्यलं, अन् त्या दिवशी मी दोन घास खाऊन उठली.

त्याच्यानंतर मात्र काय जादू झाली कोणास ठाऊक! मी बसली की तुमच्या राज्यात सदा चांगलं ऊन. ढग नाही, वारा नाही, टोळ नाही, रोगराई नाही. तुमची पलटण लग्नाच्या वरातीसारखी चालायची. तुम्ही आवाज द्यायचे, "अवं, ये, किल्ला पडून राह्यला!" अन् मी पोळी तव्यावर टाकून धावायची. हरणं फक्त लाईन गेली तर. मधातच लाईट जाय, सगळं राज्य काळंठिक्कर. तुम्ही म्हणायचे, "पाह्य, एवढा मोठा राजा, पण वायरमनपुढं काही चालत नाही."

मी तर गावभर सांगत सुटली. आमच्या बुढ्यानं एक बैल न गमावता किल्ला घेतला! गिरणीवर सांगतलं, तर वत्सला काय म्हणाली असन? "मंग पाठव ना त्याहिले ढाणकीच्या बाजारात. तिथले व्यापारी काबीज करा म्हणा."

आता वत्सला आली, तर वत्सलाचं बोलू.

तुम्ही म्हणाल, काहून उकरते. उकरते! गिरणीवाली वत्सला, नवरा गेल्यावर एकटीनं गिरणी चालवणारी, आवाज पट्ट्याच्या वरचा. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याले दोन शब्द मारल्याशिवाय तिचं पीठ पडत नाही. त्या वर्षीच्या दिवाळीपासून तिच्या अंगावर एक नवं लुगडं होतं. आसमानी. लख्ख आसमानी, पिठानंही न मळणारं. अन् त्याच दिवाळीपासून तुम्ही दळण स्वतः नेऊ लागले! जलमात कधी पिठाचा डबा उचलला नव्हता. लग्नाच्या वेळी चूल कोणत्या खोलीत आहे तेही तुम्हाले माहीत नव्हतं, हे तुमची आईच सांगे. अन् आता म्हणे, "दे इकडं, मी आणतो दळून." मले काय डोळे नाहीत?

मंग तो ताकाचा दिवस.

मी तुमच्यासाठी ताक घेऊन आली. दार लोटलेलं. आत तुम्ही अन् पोट्टी कुजबुज कुजबुज. अन् मले चांगलं ऐकू आलं, तुमच्या तोंडचे शब्द: "आजी वावरात गेली की आसमानी येऊ दे. आजी घरी असताना नको. अन् तिले आसमानीचं सांगू नको, बरं!"

मी ताक तिथंच ओसरीवर ठेवलं. कुत्र्यानं पेलं. त्या कुत्र्याचं नशीब त्या दिवशी उघडलं.

आता तुम्हीच न्याय करा. पिंकीचे आबाजी, कोणत्या बाईनं दुसरं काय समजावं? आजी वावरात गेली की येऊ दे! अन् साक्षीले घेतलं कोण, तर सातवीतली नात! मले राग याचाच जास्त आला. म्हटलं, या माणसानं लेकराले बिघडवलं.

मंग मी पाळत सुरू केली. तुम्हाले कळलंच नसन. वावरात जायची, बांधापर्यंत पोचायची अन् परत फिरायची. "विळा विसरली." "पाण्याचा डबा विसरली." एकदा तर म्हटलं, "काय विसरली तेच विसरली." दरवेळी आत पाहाव तर तुम्ही अन् पोट्टी दोघंच. पण दोघांचीही तोंडं अशी, जशी मांजरीनं साय खाऊन मिशा पुसल्या. पिंकी पटकन काहीतरी दाबे, अन् लगेच राज्यात ऊन पडे. मी मागच्या दारी जाऊन चिखलात पाऊल पाहिलं. बाईचं पाऊल होतं. पुष्कळ वेळ पाहत बसली. मंग त्याच्यावर पाय ठेवून पाहिला. माहंच निघालं.

एक दिवस सरळ गिरणीवरच गेली. म्हटलं, काय होईन ते होईन. वत्सला चक्कीत ज्वारी ओतत होती.

"लुगडं छान आहे वं," मी म्हटलं.

"आहेच."

"कोणी घेतलं?"

"भावानं. भाऊबीजेचं."

"भाऊ तर तुहा सुरतले असते ना? मंग हे कापड ढाणकीचं दिसते."

तिनं पट्टा बंद केला. माह्याकडं खालून वरपर्यंत पाह्यलं तिनं. "काहून वं? तुले पाहिजे काय असं? बुढ्याले सांग ना मंग. रोज येते तो इथं, दळण घेऊन." अन् हसली! लाजशरम काही नाही, तोंड भरून हसली. मी पीठ न घेता घरी आली. त्या रात्री तुम्हाले भातच मिळाला, अन् तुम्ही एका शब्दानं विचारलं नाही. गुन्हेगार माणूस विचारत नसते, असं मी मनात म्हटलं.

मंग मी टोमणे सुरू केले. दर बोलण्यात आसमानी. आभाळाकडं पाहून म्हणाव, "काय आसमानी दिसते आज!" लग्नात गेलो तर, "नवरीच्या मामीचं लुगडं पाह्यलं? आसमानी. काही लोकाइले आवडते." पोळ्याच्या बैलाची झूल रंगवाची होती, तुम्ही विचारलं कोणता रंग, मी म्हटलं, "तुमच्या आवडीचा द्या, आसमानी." वाटलं, आता चोर घाबरन.

अन् तुम्ही काय केलं? पुढच्या बाजाराले ढाणकीहून येताना कागदात गुंडाळून माह्यासाठी लुगडं आणलं. आसमानी!

तुम्ही दारात उभे, लाजत लाजत. "किती दिवसाची आसमानी आसमानी करून राह्यली, म्हटलं घेऊन टाकू." मले वाटलं, वा रे बेरकी! दोघींले सारखं. मी ते कागदासगट पेटीत टाकलं, अन् वर गोधडी ठेवली. तुमचं तोंड एवढंसं झालं. तुम्ही म्हणाले, "घालशीन ना?" मी म्हटलं, "घालीन. तुम्ही गेल्यावर."

हे असं तोंडातून गेलं. गेलं तर गेलं. तेव्हा काय माहीत.

आता एक दुसरी गोष्ट लिहिते, ती तुम्हाले माहीत नाही असं मी कालपर्यंत समजत होती. त्या वर्षांत आपल्याकडच्या बायांनी एक काम शिकून घेतलतं. नवरा गप्प बसाले लागला की फवारणीच्या औषधाचा डबा उचलून दुसरीकडं ठेवायचा. कोणी कोणाले शिकवलं नाही. एकमेकीले विचारलंही नाही. तुमच्यावर कोणाच्या कर्जाचं ओझं नव्हतं, तुम्ही काही गप्प बसणारेही नव्हते, देवाची कृपा. पण तुमची पलटण वाहून गेली अन् तुम्ही टाळी देऊन हसले ना, त्या हसण्याच्या मागून तुमचं तोंड मले बरोबर वाटलं नाही. चित्रातली असो. वाहून गेलेलं पाहत होते तुम्ही. मी त्याच संध्याकाळी कोठीतला डबा काढून गजूच्या मित्राच्या वावरातल्या झोपडीत ठेवून आली.

अन् मंग तुम्ही कुजबुजाले लागले. आजीले सांगू नको म्हणाले. आता या कुजबुजीचा अर्थ मी काय लावू? दोनच अर्थ होते माह्यापुढं. एक होता वत्सलाचा. दुसरा मी मनातही येऊ देत नव्हती. तर मी पहिला धरून बसली, घट्ट. आसमानी लुगडं परवडलं, पिंकीचे आबाजी. लुगड्यानं माणूस मरत नाही.

म्हणून भांडली तुमच्याशी. जेवढी भांडली तेवढी बरी झोप लागे.

मंग गेल्या साली पोळ्यानंतर तुम्हाले ताप धरला तो सुटलाच नाही. छातीत भरला. जीपमध्ये यवतमाळले नेताना डोकं माह्या मांडीवर होतं. तुम्ही डोळे उघडले अन् म्हणाले, "पिंकीले म्हण, इतक्यात नदी ओलांडू नको." अन् थोड्या वेळानं पुन्हा, "पाणी उतरू दे म्हण." त्यानंतर नुसते श्वास.

तेरवीले भजनातल्या म्हाताऱ्यानं सांगतलं, ती वैतरणी असन, मोठ्या पुण्यवान माणसाले अगोदर दिसते. सगळ्या बाया रडल्या. मीही रडली. पण तुम्हाले सांगते, रडता रडता माह्या मनात आलं, वैतरणी? का गिरणीच्या वाटेवरचा नाला? हा संशय असा असते पाह्य, तेरवीच्या पंगतीतही बाजूले पाट मांडून बसते.

वत्सला तेरवीले आलती. तेच लुगडं घालून. माह्याजवळ बसली, माह्या हातावर हात ठेवला. मी हात काढून घेतला.

आता कालचं.

पिंकी पुसदले अकरावीत आहे, सुटीले आली. कॉम्प्युटरवर मी चादर टाकून ठेवलती. गजू भंगारवाल्याले द्या म्हणत होता, मी देऊ देत नव्हती. पिंकीनं काल दुपारी चादर काढली. मी जवळच कैऱ्या किसत होती. तो सुरू झाला, घरघर करत, गिरणीवानीच. अन् पिंकीनं तो लढाईचा खेळ उघडला तर पडद्यावर पाऊस. मोठी नदी, गढूळ. अन् इकडच्या काठावर, उंच जागेवर, तुमची पलटण. तंबू सरळ रांगेत. बैल दावणीले.

पिंकीनं तोंडावर हात ठेवला. "आजी, हे आबाजीनं सोडलं तसंच आहे. पाह्य, आसमानीही सुरूच आहे."

माह्या हातची किसणी थांबली. "काय सुरू आहे?"

तिनं जीभ चावली. मी उठली अन् दाराले कडी घातली. "बोल आता."

"अगं, आसमानी म्हणजे..." तिनं पडद्यावर एक बारीक चौकोन दाखवला. त्याच्यात बरोबरची खूण. "ही खूण असली की खेळात पूर येते, टोळधाड येते, दुष्काळ, महामारी. काढली की येत नाही. मी आबाजीले सांगतलतं, ही नैसर्गिक आपत्ती. ते म्हणे, हे काय तहसीलदाराच्या भाषणासारखं बोलते, आपल्याकडे त्याले आसमानी म्हणते. आसमानी अन् सुलतानी."

"म्हणजे आसमानी..." मी म्हटलं, "बाई नाही?"

"कोणती बाई?"

अहो, मी जी हसली! कैऱ्यांच्या परातीत पाय पडला तरी हसत होती. गजू बाहेरून दार ठोकाले लागला, त्याले वाटलं मले काही झालं. कैऱ्या गेल्या सगळ्या, या वर्षी गुळांबा नाही. जाऊ द्या! तुमची आसमानी एवढाल्या चौकोनात राहत होती, अन् मी चिखलात पाऊल शोधत होती!

पण संशय असा लवकर सोडणारी मी नाही. मी म्हटलं, "मंग माह्यापासून लपवलं काहून? अन् तो रोज गिरणीवर कायले जाय?"

"लाईट विचाराले," पिंकी म्हणे. "वत्सलाआजीले सगळं माहीत राहते ना, कोणत्या दिवशी किती वाजता लाईन येणार. तिची गिरणीच त्याच्यावर चालते. आबाजी विचारून येत अन् मंग आम्ही बसत जावो."

घ्या! म्हणून तोंडभर हसली ती. तिले वाटलं असन, या बुढीले माहीत आहे.

"अन् लपवलं काहून?" मी पुन्हा विचारलं.

पिंकीनं पडद्यावरच्या पावसावर बोट ठेवलं. मंग म्हणाली, "तो पूर आला ना पहिल्या दिवशी, तेव्हा तू जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आबाजी मले म्हणे, पिंके, तुह्या आजीनं फवारणीचा डबा लपवला आहे. मी चित्रात हरलो तरी ती माह्या तोंडाकडं पाहते. तर आता असं कर, आजी समोर असली की आसमानी काढ. तिच्यासमोर मी हरत नाही. आजी वावरात गेली की येऊ दे."

वाचलं ना तुम्ही? म्हणजे माहीत होतं! डबा कुठं गेला हे तुम्ही एकदाही विचारलं नाही. मले वाटे, याचं कोठीत लक्षच नाही. तुमचं लक्ष होतं, अन् तुम्ही माह्यासाठी किल्ले घेत बसले! उन्हात! मी वावरात गेल्यावर पुरात, टोळधाडीत, महामारीत एकटे हरत होते, अन् मी आली की हात झटकून राजा!

पिंकी सांगते, पहिल्या पहिल्यानं तुम्ही दर खेपेले बुडायचे. मंग शिकले. ढग दिसला की थांबायचं. दाणे दोन जागी ठेवायचे. नदीले घाई करायची नाही. म्हणजे आसमानीत जिंकणंही तुम्ही शिकलते, अन् ते मले कधी दाखवलं नाही! हे मात्र मी माफ करणार नाही. सोपी लढाई दाखवून माह्याकडून शाबासकी घेतली अन् अवघड लढाई एका पोट्टीनं पाहिली. मी काय काचेची बांगडी होती? मले एकदा सांगतलं असतं, "बस, पूर येणार आहे, पण मले काही होत नाही," तर मी बसली नसती? तुम्ही माह्यावर पाळत ठेवली, मी तुमच्यावर. एका घरात दोन चौकीदार, अन् चोर कोणीच नाही.

मंग पिंकीनं माऊस माह्या हातात दिला. "आजी, ओलांडायची काय नदी?"

मी म्हटलं, नाही. तुह्या आबाजीचा निरोप आहे. जीपमधला निरोप काल कुठं मी पोचता केला. वैतरणी म्हणे! भजनवाल्याले सांगीन मी.

थांबलो. त्या खेळात दिवस झरझर जातात, तरी पाऊस हटेना. पिंकी चुळबुळ करे. "आजी, दाणे कमी होऊन राह्यले." मी म्हटलं, होऊ दे. "आजी, तिकडचा राजा किल्ला पक्का करून राह्यला." करू दे. पैनगंगेचं पाणी कधी उतरते हे मले कॉम्प्युटरनं शिकवू नये. पाण्याचा रंग बदलला, काठ दिसाले लागला, तेव्हा मी म्हटलं, आता. सगळी पलटण उतरली. एक बैल वाहून गेला नाही. तुमचा एकही.

अन् पलीकडच्या काठावर पाय ठेवला नाही तर टोळधाड! काळी चादर आली अन् अर्धे दाणे फस्त.

मी टाळी देऊन हसली. अगदी तुमच्यासारखी. अन् पाहते तर पिंकी पडद्याकडं नाही, माह्या तोंडाकडं पाहून राह्यलती.

मी ओळखली ती नजर. आरशात नाही पाहिली कधी, पण माहीच नजर ती. मी म्हटलं, "माह्या तोंडाकडं काय पाहते वं? टोळ तिकडं आहे. डबा लपवाले जाते काय?" तशी ती रडली अन् हसली, अन् आम्ही दोघी उरलेले दाणे मोजाले बसलो. मंग वायरमननं राज्य बुडवलं.

आज सकाळी पेटीतली गोधडी काढली. लुगडं कागदातच होतं, घडीवर थोडं पिवळं पडलं आहे. नेसली. घागर त्याच लुगड्यात भरली. या वयात विधवेनं असा रंग, म्हणून दोन बाया बोलतीन. बोलू द्या. मंग दळण घेऊन स्वतः गिरणीवर गेली. वत्सलानं पट्टा बंद केला. वरून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "एवढे दिवस कुठं ठेवलतं? रंग मीच सांगतलता त्याहिले. म्हटलं, घेऊन टाका, बुढी माह्यावर डोळा ठेवून आहे." मी म्हटलं, "मंग तेव्हाच काहून नाही सांगतलं?" तर म्हणते, "मजा येत होती." अन् पुरणाच्या पोळीचं पीठ दोनदा काढून दिलं. माह्या मनात पुन्हा एक बारीक पाल चुकचुकली, ही इतकी गोड काहून बोलते. पण मी तिले म्हटलं, जेवाले ये.

तर तुमची घागर भरलेली आहे, पाणी गार आहे, प्या. अन् एक शब्द घ्या माह्याकडून. गजू काही म्हणो, तो कॉम्प्युटर भंगारात जाणार नाही. तुमची पलटण आता माह्या हाताखाली आहे. किल्ला मी घेईन, नाहीतर बुडीन, पण पिंकीसमोर, भर दुपारी, दार उघडं ठेवून. तो बारीक चौकोन मी आहे तसाच ठेवणार. आसमानी आता काढत नाही, खेळातलीही नाही अन् अंगावरचीही नाही.

पाणी उतरल्यावर येईन.

तुमची,
वावरातून मधातच परत येणारी